पहिली जर्सी: फॅन व्हर्जन, प्लेयर व्हर्जन, रेट्रो आणि पाठीवरचं नाव

दोन जर्सी शेजारी ठेवा. रंग तोच, बिल्ला तोच, छातीवरच्या प्रायोजकाचं नावही तेच. एकीच्या बिल्ल्यावरून बोट फिरवलं की धागे लागतात, दुसरीचा बिल्ला रबरासारखा गुळगुळीत. धाग्यांची ती फॅन व्हर्जन, रबराची ती प्लेयर व्हर्जन. फुटबॉल क्लबची पहिली जर्सी घेणारा बहुधा या दोहोंत घोटाळतो आणि महाग ती चांगली असं धरून दुसरी उचलतो. खरं तर त्याच्याही आधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट हवी: हा संघ आपण कशामुळे धरला? शहर आपलं म्हणून, घरात चालत आला म्हणून, एका खेळाडूपायी, एका विजेतेपदानंतर, की रंग आवडले म्हणून? कुठली जर्सी घ्यायची, पाठीवर नाव घालायचं का आणि खरेदी कधी करायची, या तिन्हींची उत्तरं तिथून निघतात.

आधी कापड पाहू. दोन्ही जर्सी पॉलिस्टरच्याच असतात, हल्ली बहुतेक पुनर्वापर केलेल्या पॉलिस्टरच्या. फरक विणीत आहे. नायकीच्या फॅन व्हर्जनवर ड्राय-फिट लिहिलेलं असतं, प्लेयर व्हर्जनवर ड्राय-फिट एडीव्ही. आदिदासच्या गेल्या काही हंगामांच्या जर्सींवर अनुक्रमे एरोरेडी आणि हीट रेडी, पुमावर ड्रायसेल आणि अल्ट्राविव्ह. प्लेयर व्हर्जनचं कापड पातळ असतं, त्यात बारीक छिद्रांचे पट्टे विणलेले असतात आणि आतली बाजू किंचित खडबडीत ठेवलेली असते, म्हणजे घामाने भिजली तरी अंगाला चिकटत नाही. नव्वद मिनिटं धावणाऱ्याला याचा खरा उपयोग होतो. खुर्चीत बसून सामना पाहणाऱ्याला त्यातलं काहीच लागत नाही, उलट तोटे मात्र सगळे वाट्याला येतात. घड्याळाचा पट्टा किंवा बॅगेचा वेल्क्रो छिद्रांच्या जागी घासला की धागा ओढला जातो, आणि एकदा ओढलेला धागा परत आत जात नाही. पोटाशी आणि काखेखाली ती घट्ट शिवलेली असते. चिकटवलेला बिल्ला वजनाने हलका, छातीला टोचत नाही, पण त्याच्या कडा धुलाईगणिक सुटायचा धोका कायम.

फॅन व्हर्जनचे दोषही सांगायला हवेत. भरतकामाच्या बिल्ल्यामागे अस्तराचा तुकडा असतो, तो काहींना टोचतो, आणि काही धुलायांनंतर बिल्ल्याभोवतीचं कापड थोडं चुरमडतं. कापड जाडसर असल्यामुळे घाम सुकायला वेळ लागतो. तरीही रोज वापरायची जर्सी हवी असेल तर आमचं मत निःसंशय फॅन व्हर्जनकडे. शिवण सैल, कापड टिकाऊ, बिल्ला उखडत नाही. प्लेयर व्हर्जन दोघांनीच घ्यावी: जो ती घालून खरोखर खेळणार आहे त्याने, आणि जो ती फ्रेममध्ये लावणार आहे त्याने.

मापाची चूक फार जण करतात, आणि ती ठरावीकच असते. नीट बसणारा टी-शर्ट सपाट पसरून एका काखेच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत मोजतात, समजा 52 सेंमी भरतं, दुप्पट करून 104 धरतात आणि कंपनीच्या तक्त्यात 104 शोधतात. तक्त्यात मात्र बहुधा अंगाचं माप दिलेलं असतं, कपड्याचं नव्हे. 104 घेराचा टी-शर्ट सैलसर बसणाऱ्या माणसाची छाती साधारण 94 ते 96 असते, त्यामुळे जर्सी एक माप मोठी येते. टेप काखेखालून, छातीच्या सर्वांत रुंद भागावरून, श्वास न रोखता फिरवा आणि तोच आकडा तक्त्यात पाहा. फॅन व्हर्जन त्याच मापाची घ्या. प्लेयर व्हर्जन एक माप वरची घ्या, आणि पोट छातीपेक्षा पुढे असेल तर तिचा नाद सोडा, कारण मोठं माप घेतलं तर खांदे उतरतात.

आता पाठ. जर्सीचा सर्वांत नाजूक भाग कापड नव्हे, नाव आणि नंबर. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 1993-94च्या हंगामापासून प्रत्येक खेळाडूला ठरलेला नंबर आणि पाठीवर नाव मिळालं, आणि चाहत्यांच्या जर्सीवरही नाव छापून घेण्याची रीत रुळली. अक्षरं प्लास्टिकच्या पातळ फिल्मची असतात, खाली उष्णतेने वितळणारा गोंद. हीट प्रेसमध्ये, म्हणजे गरम दाबयंत्रात, साधारण 150 अंश सेल्सिअसला काही सेकंद दाबून ती बसवतात. बिघडतं ते या काही सेकंदांतच. प्रेसखाली कॉलरची पट्टी किंवा खांद्याची शिवण आली तर तेवढी जागा उंच राहते, शेजारच्या अक्षराला पुरता दाब मिळत नाही आणि महिन्याभरात त्याचा कोपरा उचलला जातो. उष्णता जास्त झाली तर कापडावर प्रेसच्या कडेची चकाकती चौकट उमटते, आणि ती कधीच जात नाही.

गडद लाल किंवा मरून जर्सीवर पांढरा नंबर असेल तर आणखी एक गोष्ट होते. पॉलिस्टरचा रंग जास्त उष्णतेत वायूसारखा सुटतो आणि वरच्या पांढऱ्या फिल्ममध्ये शिरतो. छापल्या छापल्या नंबर स्वच्छ पांढरा दिसतो, काही दिवसांनी गुलाबीसर होतो. यावर धुलाईचा काही इलाज नाही. रंग अडवणारा थर असलेली फिल्म वापरली आणि प्रेस जरुरीपेक्षा गरम ठेवला नाही, तरच हे टळतं. म्हणून लाल जर्सीवर नाव घालून घेताना क्लबची अधिकृत अक्षरंच मागा. छापून झालं की तिथेच चार गोष्टी पाहा: नंबर कापड थंड झाल्यावर हलकेच ताणून बघा, कडा उचलतात का; नावाची रेघ खांद्यांच्या शिवणींना समांतर आहे का; दोन आकड्यांमधलं अंतर वर-खाली सारखं आहे का; आणि जर्सी उलटी करून आतून गोंदाचे डाग आलेत का.

नाव कोणाचं घालायचं, इथे संघ निवडण्याचं कारण थेट आडवं येतं. खेळाडूपायी संघ धरणारे आज असंख्य आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. एखाद्याचा खेळ पाहून जीव जडणं हे या खेळातलं सर्वांत सच्चं कारण म्हणता येईल. पण जर्सी क्लबची असते. मेस्सीने ऑगस्ट 2021मध्ये बार्सिलोना सोडली, पॅरिसमध्ये 10ऐवजी 30 नंबर घेतला आणि 2023च्या जुलैत इंटर मायामीकडे जाऊन पुन्हा 10 घातला. म्हणजे त्याच्या मागे जाणाऱ्याला दोन वर्षांत तीन क्लब आणि दोन नंबर. रोनाल्डो 2018मध्ये रेआल माद्रिदहून युव्हेंटसला, 2021मध्ये मँचेस्टर युनायटेडला आणि 2023च्या सुरुवातीला अल नस्रला. त्याच्या युनायटेडला परतण्यात आणखी एक गोष्ट घडली. हंगाम सुरू झालेला होता, 7 नंबर एडिन्सन कव्हानीकडे होता. त्याने तो सोडून 21 घेतला. त्या हंगामासाठी पाठीवर कव्हानी 7 छापून घेतलेल्यांच्या जर्सी एका दिवसात जुन्या झाल्या.

यातून कामाचा नियम असा निघतो: नाव छापायचंच असेल तर खेळाडूंच्या बदलीची खिडकी, म्हणजे क्लब बदलण्याची मुदत, बंद होईपर्यंत थांबा. युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये ती ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत बंद होते, मग जानेवारीत पुन्हा उघडते. नव्या हंगामाच्या जर्सी मात्र मे ते जुलैमध्येच बाजारात येतात. त्या उत्साहात छापलेलं नाव सर्वांत धोक्याचं. साधी जर्सी आधी घ्या, अंगावर घालून पाहा, एकदा धुवा, सप्टेंबरात छापून घ्या. नाव घातलेली जर्सी बहुतेक दुकानं बदलून देत नाहीत, त्यामुळे माप चुकलं असेल तर ते आधी कळलेलं बरं. खेळाडूपायीच संघ धरला असेल आणि तो जाईल तिथे जायचं नक्की असेल, तर दर वेळी नवी क्लब जर्सी घेण्यापेक्षा त्याच्या देशाच्या संघाची एक घ्यावी. देश सहसा बदलत नाही.

मात्र काही पाठी अशा आहेत की त्यांना मुदतच नाही. पाओलो माल्दिनीने एसी मिलान या एकाच क्लबमध्ये कारकीर्द काढली आणि त्याचा 3 नंबर क्लबने बाजूला ठेवला. फ्रान्चेस्को तोत्ती 1993 ते 2017 रोमाकडून खेळला. ही नावं रेट्रो जर्सीवर, म्हणजे जुन्या हंगामाच्या नव्याने काढलेल्या जर्सीवर, घालावीत, चालू हंगामाच्या जर्सीवर नव्हे. चालू जर्सीची अक्षरं वेगळ्या वळणाची असतात आणि जुनं नाव तिच्यावर उपरं दिसतं.

रेट्रो जर्सी हा प्रकार घरातून संघ मिळालेल्यांसाठी जणू बेतून काढलेला आहे. वडील ज्या हंगामाच्या आठवणी सांगतात त्या हंगामाची जर्सी मुलगी घालू शकते. कापड पाहून घ्या: 70च्या दशकापर्यंतच्या जर्सींच्या पुनरावृत्ती बऱ्याचदा सुती असतात, अंगाला छान, पण पहिल्या धुलाईत थोड्या आटतात, म्हणून एक माप वर. 80-90च्या दशकांतल्या चकचकीत पॉलिस्टरच्या असतात, त्यांच्यातली नक्षी कापडातच विणलेली किंवा मुरवलेली असली पाहिजे. नुसती वरून छापलेली असेल तर ती घेऊ नका. मूळ जर्सीवरचा प्रायोजक पुनरावृत्तीवर कधीकधी नसतो, कारण ते नाव वापरायचा हक्क निराळा. काहींना ते खटकतं. आम्हाला ती मोकळी छाती अधिक देखणी वाटते.

मुलांच्या जर्सीबद्दल थोडं सविस्तर, कारण संघ बहुधा तिथेच ठरतो. 2014 साली सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ या अभ्यासकाने अमेरिकी बेसबॉलच्या चाहत्यांच्या फेसबुकवरच्या पसंती जन्मवर्षानुसार मांडल्या. न्यूयॉर्क मेट्स हा संघ 1962 आणि 1978 साली जन्मलेल्या पुरुषांत विशेष लाडका निघाला. मेट्सने विजेतेपद जिंकलं ते 1969 आणि 1986 साली, म्हणजे हे सारे तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. त्या वयात जिंकताना पाहिलेला संघ अनेकदा पुढे आयुष्यभर राहतो. तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलाला दिलेली जर्सी ही छोटी गोष्ट नाही, आणि ती त्याला विचारून घ्यावी. लहान मापं उंचीवर असतात. आजच्या उंचीचं घेतलं तर वर्षभरात आखूड होते, म्हणून एक माप वर, पण दोन नको, कारण खांदे कोपरापर्यंत उतरलेली जर्सी मूल घालत नाही. मोठ्यांना नाव छापण्याबद्दल दिलेला सावधगिरीचा सल्ला मुलांना लागू करू नका. त्याने नाव मागितलं तर घालून द्या. खेळाडू क्लब सोडून जाईल त्याच्या आधी बहुधा जर्सीच आखूड झालेली असेल.

विजेतेपदानंतर संघ धरणाऱ्यांना लोक नावं ठेवतात. पण ही ओढ सगळ्यांतच असते. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या 7 विद्यापीठांत सोमवारी वर्गात कोण काय घालून येतं ते मोजलं. शनिवारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला असेल तर विद्यापीठाच्या नावाचे कपडे जास्त दिसले. आणि बोलताना जिंकलेल्या सामन्यात ‘आपण’ जिंकलेलो असतो, हरलेल्या सामन्यात ‘ते’ हरलेले असतात. ही ओढ ओळखून खरेदीची वेळ तेवढी पुढे ढकलावी. विजेतेपद मिळतं तेव्हा हंगाम संपत आलेला असतो आणि पुढच्या हंगामाची जर्सी दारात उभी असते. प्रीमियर लीगच्या विजेत्यांच्या बाहीवर सोनेरी बिल्ला येतो तो पुढच्या हंगामात. जिंकलेल्या हंगामाच्या जर्सीवर तो नसतो. देशांच्या संघांचं तर आणखी स्पष्ट. अर्जेंटिनाने 18 डिसेंबर 2022ला विश्वचषक जिंकला आणि बिल्ल्यावर, दर विश्वचषकाला एक याप्रमाणे, तिसरा तारा आला. आदल्या आठवड्यात घेतलेल्या जर्सीवर दोनच तारे होते. अंतिम सामन्यात खेळाडूंच्या अंगावर होती ती दोन ताऱ्यांचीच, त्यामुळे आठवण म्हणून ती अस्सल. पण तीन तारे हवे असतील तर थांबावं लागतं.

छोट्या संघाच्या पराक्रमावर भाळून येणाऱ्यांनी पहिल्या वर्षी जर्सी घेऊच नये, सामने पाहावेत. लेस्टर सिटीने 2015-16ला प्रीमियर लीग जिंकली तेव्हा जगभरातून लोक जोडले गेले. 2023ला तो संघ खालच्या लीगमध्ये घसरला, 2024ला वर आला, 2025ला पुन्हा घसरला. खालच्या लीगचे सामने शोधून पाहावे लागतात, बातम्या आटतात, जर्सी मिळायलाही वेळ लागतो. एवढं करूनही जो उरतो त्याने खुशाल तीनही किट (घरच्या मैदानावरची होम जर्सी, बाहेरच्या सामन्यांची दुसरी आणि तिसरी) घ्यावेत, त्याची निवड पक्की झालेली आहे.

शहर आणि रंग ही दोन कारणं सर्वांत भक्कम वाटतात, पण तीही हलतात. विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला 2002 साली परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब उभा केला आणि निळा-पिवळा रंग जपला. कार्डिफ सिटीच्या मालकांनी 2012 साली निळी जर्सी लाल केली. चाहत्यांच्या विरोधानंतर 2015मध्ये निळी परत आली. युव्हेंटसचे काळे-पांढरे पट्टे तर धुलाईतून आलेले: पूर्वीच्या गुलाबी जर्सी धुऊन धुऊन विटल्या म्हणून 1903 साली इंग्लंडहून नव्या मागवल्या आणि नॉट्स काउंटीच्या पट्ट्यांच्या जर्सी आल्या. रंगांसाठी संघ धरला असेल तर घ्यायची ती होम जर्सीच. दुसरं आणि तिसरं किट दर वर्षी कुठल्याही रंगाचं असू शकतं आणि दोन वर्षांनी ते कुठल्या क्लबचं हेही बिल्ला पाहिल्याशिवाय कळत नाही.

तत्त्वासाठी संघ धरणाऱ्यांनी छाती वाचावी. अॅथलेटिक बिल्बाओ बास्क प्रदेशाशी नातं असलेले खेळाडूच घेतो, आणि 2008पर्यंत त्यांच्या जर्सीवर व्यापारी प्रायोजक नव्हता. बार्सिलोनाच्या छातीवर 2006 साली युनिसेफ आलं आणि पैसे देणारा प्रायोजक पहिल्यांदा 2011ला. प्रीमियर लीगच्या क्लबांनी 2025-26च्या हंगामानंतर जर्सीच्या पुढच्या बाजूवरून सट्ट्याच्या कंपन्या काढण्याचं 2023ला मान्य केलं. ज्यांना ती नावं अंगावर नको आहेत त्यांच्यासाठी अंगकाठी बारीक असेल तर एक वाट आहे: इंग्लंडमध्ये मुलांच्या मापाच्या जर्सीवर सट्ट्याचा प्रायोजक नसतो, आणि त्यातलं सर्वांत मोठं माप अनेक सडपातळ मोठ्यांना बसतं.

फर्स्ट कॉपी म्हणून विकल्या जाणाऱ्या जर्सीबद्दल दोन शब्द. बिल्ला, टॅग, होलोग्राम, सगळ्याची नक्कल होते. पकडायची सोपी जागा म्हणजे आतल्या लेबलवरचा वस्तू-क्रमांक. नायकीचा सहा अक्षर-अंक, मधे रेघ आणि रंगाचे तीन अंक असा असतो. आदिदासचा बहुधा दोन अक्षरं आणि चार अंक. तो क्रमांक जसाच्या तसा शोधयंत्रात टाका. दुसऱ्याच संघाची जर्सी, बूट किंवा गेल्या वर्षीचं किट निघालं तर प्रश्न मिटला. क्रमांक बरोबर निघाला तरी खात्री पुरती होत नाही, कारण चांगली नक्कल क्रमांकही उचलते. मग पट्टे पाहा. बाजूच्या शिवणीवर पुढचे आणि मागचे पट्टे जुळायला हवेत. नकलेत ते अर्धा-एक सेंमी सरकलेले दिसतात.

धुलाईत वाचवायचं ते नाव. जर्सी उलटी करा, चेन आणि वेल्क्रोचे कपडे वेगळे काढा, पाणी थंड किंवा फार तर 30 अंश, साबण द्रव आणि नेहमीच्या निम्मा. कपडे मऊ करणारं द्रव्य अजिबात नको. ते धाग्यांवर मेणासारखा थर धरतं, मग कापड घाम शोषून पसरवत नाही आणि वास धरून ठेवतं. घामाची जर्सी बॅगेत रात्रभर बोळा करून ठेवू नका, वास कापडात मुरतो तो तिथेच. ड्रायर नको, कारण गोंद उष्णतेने चिकटलेला असतो आणि उष्णतेनेच पुन्हा मऊ होतो. पिळू नका, पिळताना फिल्मला चरे पडतात. सावलीत, उलटीच, कमरेच्या बाजूने दोरीवर टाका. हँगरवर ओली टांगली तर खांद्यांना शिंगं येतात. इस्त्री करायचीच तर उलट्या बाजूने, मंद, नंबर सोडून. एखाद्या अक्षराचा कोपरा सुटलाच तर घरच्या इस्त्रीने चिकटवायला जाऊ नका, दाब कमी पडतो आणि कापड चकाकतं. त्याच दिवशी हीट प्रेसवाल्याकडे न्या, कारण सुटलेल्या कडेखाली साबणाचं पाणी गेलं की गोंद परत धरत नाही.